दानपेटी ते पासबुक

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच विषयावरची निघाली: चर्चचा पैसा. त्यामुळे बाकीच्यांनी रागावू नये, वारसनोंद आणि मुदतठेवीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते.

*

ताई, नमस्कार. आमच्या चर्चमध्ये रविवारच्या सगळ्या मिस्सांचं (उपासनांचं) कलेक्शन, म्हणजे थैलीतलं दान, कित्येक वर्षं एकच गृहस्थ मोजतात. माणूस सज्जन, कुणाच्याही अडीअडचणीला धावून जाणारा. मिस्सा संपली की थैल्या घेऊन ते सॅक्रिस्टीमागच्या (फादरांच्या तयारीच्या खोलीमागच्या) खोलीत बसतात, मोजतात आणि सोमवारी बँकेत भरतात. सभेत मी विचारलं, दर रविवारचा आकडा लोकांना कळू शकेल का? तर एक ज्येष्ठ म्हणाले, "आता देवाच्या घरातही हिशेब मागणार का?" फादर म्हणाले, "सगळं ऑडिट होतं, काळजी करू नका." मी खाली बसलो. माझं काही चुकलं का?
– एक धर्मग्रामीण, वसई (नाव छापू नये)

विचारलंत यात काहीच चुकलं नाही. फादरही खोटं बोलले नाहीत. पण ऑडिट होतं, हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर नव्हे.

ऑडिटर बघतो काय? पावतीपुस्तकं, व्हाउचरं, कीर्द, खतावणी, पासबुक. पैसा कागदावर पहिल्यांदा उतरला, तिथून त्याचं काम सुरू. समजा, थैल्यांत १८,००० रुपये पडले आणि मोजणीच्या चिठ्ठीवर १५,००० लिहिले गेले. ते १५,००० सोमवारी बँकेत भरले, पासबुकाशी जुळले, ताळेबंदावर सही झाली. मधले ३,००० कुठल्याच वहीत आले नाहीत, तर ते वहीत कमी कसे पडतील? शाळेच्या फीचा ताळा पटावरच्या मुलांशी घालता येतो, कर्जाचा हप्ता ठरलेला असतो. दानाच्या थैलीत किती पडायला हवे होते हे सांगणारं मात्र काही नसतं. थैली ते चिठ्ठी या पंधरा-वीस पावलांत जे व्हायचं ते होऊन जातं. त्यानंतर कितीही मोठा सीए आणा.

बँकेतून निवृत्त झाल्यावर एका धर्मग्रामानं, म्हणजे एका चर्चच्या पॅरिशनं, मला वह्या नजरेखालून घालायला बोलावलं होतं. (कुठलं ते सांगणार नाही, तर्क लढवू नका.) मोजणीच्या चिठ्ठ्या सुतळीत ओवून ठेवलेल्या, जमाखर्च चोख. चाळता चाळता लक्षात आलं की वर्षभरात एकाही रविवारी नाण्यांच्या रकान्यात आकडा नाही, आणि सगळ्या रकमा पूर्ण शंभरांत. ज्या चर्चमध्ये आया लेकरांच्या मुठीत पाच-दहाचं नाणं देऊन थैलीत टाकायला लावतात, तिथं वर्षभर एकही नाणं नाही? मोजणाऱ्या काकांना विचारलं, तर त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं: नाणी नाक्यावरचा दुकानदार घेतो आणि नोटा देतो, शंभराच्या वरची चिल्लर गायनमंडळाच्या चहा-बटाटेवड्याला जाते. दुकानदाराला विचारलं, गायनमंडळाला विचारलं. खरंच होतं ते. काकांनी एक रुपया घरी नेला नव्हता. पण ज्या वाटेनं चहा-वडा गेला, त्याच वाटेनं दर रविवारी हजार-दोन हजार गेले असते तरी चिठ्ठ्या अश्शाच दिसल्या असत्या. आणि उद्या कुणी काकांकडे बोट दाखवलं असतं, तर आपण चोख आहोत हे दाखवायला त्यांच्याजवळ काय होतं? काही नाही. तुमच्याकडचे ते सज्जन गृहस्थही आज त्याच जागी बसलेले आहेत, हे फादरांना सांगून बघा. कधीकधी या बाजूनं सांगितलं की पटतं.

ही वाट टोकाला कुठे जाते ते अमेरिकेत दिसलं. फ्लोरिडातल्या डेलरे बीच इथल्या सेंट व्हिन्सेंट फेरर चर्चमध्ये मोन्सिन्यॉर (धर्मगुरूंना मिळणारी एक मानाची पदवी) जॉन स्कीहन सुमारे चार दशकं प्रमुख धर्मगुरू होते. त्यांच्यानंतर फादर फ्रान्सिस गिनन आले. २००६ मध्ये दोघांनाही अटक झाली. दोघांच्या काळात मिळून ८६ लाख डॉलरचा अपहार झाला, असा सरकारी पक्षाचा आरोप. दानाच्या रोकडीतला वाटा नोंद होण्याआधीच बाजूला काढायचा, काही नोटा चर्चच्या कार्यालयाच्या छतात दडवायच्या, अशी ती तऱ्हा. २००९ मध्ये स्कीहन यांना १४ महिन्यांची, गिनन यांना ४ वर्षांची कैद झाली. शिक्षा ज्या रकमांवर झाली त्या आरोपाच्या मानानं पुष्कळ लहान होत्या. मला त्याचं नवल वाटलं नाही. जे पैसे लिहिलेच गेले नाहीत ते कोर्टात मोजून दाखवायचे कसे?

आता त्या ज्येष्ठांचं वाक्य. देवाच्या घरात हिशेब मागावा, असं देवाच्या घराचाच कायदा सांगतो. १९८३ च्या कॅनन लॉचं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्याचं, कलम ५३७ काढा. प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असलीच पाहिजे. पॅरिश कौन्सिल, म्हणजे धर्मग्रामाचं सल्लागार मंडळ, असावं की नसावं हे बिशप ठरवू शकतात, आर्थिक समितीला तशी सवलत नाही. कलम १२८४ दरवर्षी हिशेब तयार करायला सांगतं. कलम १२८७ तर म्हणतं, की भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब, धर्मप्रांताचे (एका बिशपांच्या हाताखालच्या सगळ्या धर्मग्रामांचे) जे नियम असतील त्यांप्रमाणे, भाविकांना द्यावा. आणि मृतांच्या मिस्सांसाठी आपण जे पैसे देतो, त्यांची स्वतंत्र वही ठेवण्याचं बंधन कलम ९५८ मध्ये आहे. ती वही शेवटची कुणी पाहिली, हा सभेत विचारायला छान प्रश्न आहे.

कायदा असूनही गाडी अडते ती दुसरीकडे. आर्थिक समिती सल्ला देते, निर्णय फादरांचा. कलम ५३२ प्रमाणे धर्मग्रामाच्या वतीनं कायदेशीर व्यवहार करतात तेही तेच. समितीवरची माणसं बहुतेक ठिकाणी त्यांच्याच पसंतीची, आणि बिशप हाऊसला (बिशपांच्या कार्यालयाला) जाणारा वार्षिक अहवाल त्यांच्याच टेबलावरून जातो. म्हणजे ज्याच्यावर देखरेख ठेवायची, त्यानंच पुरवलेल्या माहितीवर देखरेख. गोव्यात निदान फाब्रिकेची, म्हणजे चर्चचा पैसा-मालमत्ता सांभाळणाऱ्या मंडळाची, जुनी रीत आहे: फादर अध्यक्ष, पण खजिनदार, मुखत्यार आणि कारकून ही माणसं वेगळी. तिथं भांडणं होत नाहीत असं नाही. पण किल्ल्या वेगवेगळ्या खिशांत असल्या की भांडण तरी होतं!

तुम्ही काय करायचं? कुणाचंही नाव न घेता फादरांना पत्र द्या. दुसऱ्या दोघा-तिघांच्या सह्या घ्या. मागणी माणूस बदलण्याची नको, पद्धत बदलण्याची करा. थैल्या सॅक्रिस्टीत आल्या आल्या क्रमांक छापलेल्या सीलबंद पिशवीत जाव्यात. मोजायला एकमेकांच्या नात्यात नसलेली तीन माणसं, तीही पाळीपाळीनं. नवरा-बायको किंवा बाप-लेक ही जोडी मोजणीला एकच माणूस धरायची. चिठ्ठी दोन प्रतींत, नोटांच्या आणि नाण्यांच्या रकान्यांसह, तिघांच्या सह्या. कलेक्शनमधून परस्पर एक पैचाही खर्च नको, अगदी चहाचासुद्धा. सगळं आधी बँकेत, मग चेकनं बाहेर. आणि जो मोजत नाही, भरत नाही, अशा कुणीतरी महिन्यातून एकदा चिठ्ठ्या पासबुकाशी लावून बघाव्यात. दर रविवारचा आकडा पुढच्या रविवारी सूचनाफलकावर लागला की अर्धं काम झालं, कारण लोकांच्या डोळ्यांना अंदाज असतो. सणाच्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती आणि आकडा नेहमीपेक्षा कमी, हे कुणाच्याही लक्षात येतं.

फादरांनी दाद दिली नाही तर बिशप हाऊस. तिथंही महिनोन्‌महिने उत्तर नाही आणि गैरव्यवहाराला ठोस आधार आहे, तरच पुढचं दार: महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०. चर्चचा न्यास (ट्रस्ट) या कायद्याखाली नोंदलेला असेल, तर हितसंबंधी व्यक्तीच्या लेखी तक्रारीवरून धर्मादाय आयुक्त कलम ४१ब प्रमाणे चौकशी करू शकतात. त्याआधी नोंद कोणत्या न्यासाच्या नावे आहे, धर्मग्रामाच्या की धर्मप्रांताच्या, ते तपासा. पण तुमच्या पत्रात गैरव्यवहाराचं काही नाही, फक्त ढिलाई आहे. ढिलाईसाठी आयुक्तांकडे धावू नका.

*

मावशी, मी बी.कॉम. आहे आणि चर्चच्या ऑफिसात टॅलीवर (हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर) नोंदी करते. दोन गोष्टी खटकतात. छपराच्या दुरुस्तीसाठी जमवलेल्या निधीतून सणाच्या मंडपाचे आणि बँडचे पैसे दिले गेले. फादर म्हणाले, "नंतर परत टाकू." दुसरं, एका दुरुस्तीवाल्याची बिलं नेहमी ९,८००, ९,९०० अशी येतात. दहा हजारांवरच्या बिलाला समितीची सही लागते. मला नोकरीही हवी आहे. काय करू?
– स., मीरा रोड

बाळा, या दोन गोष्टी एका टोपलीत टाकू नकोस.

छपराचा निधी बँडवर गेला ही चोरी नाही, पण चूक आहेच. ज्या कामासाठी दान दिलं त्याच कामाला ते लागलं पाहिजे, असं कॅनन लॉचं कलम १२६७ स्पष्ट म्हणतं. तुझ्या हातात आहे ती नोंद. ती "किरकोळ खर्च" किंवा "सण खर्च" म्हणून मिटवू नकोस. "छप्पर निधीकडून उसने" असं सरळ खातं उघड आणि ताळेबंदात दिसू दे. फादरांना सांग, ऑडिटर विचारतील, म्हणून समितीचा ठराव लागेल. बहुतेक फादर यावर चिडत नाहीत, उलट परत टाकायची आठवण राहते. खोटं न लिहिता पैसे उसने घेणं आणि लिहिणंच टाळणं, यांत फार फरक आहे.

दुसऱ्या गोष्टीनं मात्र माझे कान टवकारले. न्यूयॉर्कच्या महाधर्मप्रांताच्या कार्यालयात बिलं चुकती करणारी एक बाई होती. २,५०० डॉलरच्या वरच्या चेकला वरिष्ठांची मंजुरी लागे, म्हणून ती त्याच्या आतलेच चेक काढायची. सात वर्षांत साडेचारशेच्या वर चेक, एकूण सुमारे १० लाख डॉलर. २०१२ मध्ये पकडली गेली. तिच्यावर चोरीचे जुने गुन्हे होते आणि नोकरीवर घेताना ते कुणी तपासलेच नव्हते. पैशाला हात लावणारे फक्त फादरच असतात असं समजणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

पण ९,८०० चं बिल म्हणजे गुन्हा नव्हे. समितीची सही मिळायला महिना लागतो म्हणूनही लोक काम तोडून बिलं देतात. तू एवढंच बघ. त्या दुरुस्तीवाल्याच्या बिलांचे क्रमांक काय आहेत? मार्चचं बिल ४१, मेचं ४२, ऑगस्टचं ४३ असं असेल, तर त्याला जगात तुमच्याशिवाय गिऱ्हाईक नाही, किंवा ते बिलबुक तुमच्याचसाठी छापलेलं आहे. एकाच आठवड्यात दोन बिलं आहेत का? पत्ता आणि फोन आहे का? काम झालेलं कुणी डोळ्यांनी पाहिलं? गटार दुरुस्त केलं असेल तर जाऊन गटार बघ. मी आयुष्यात जितकी खोटी बिलं पकडली, त्यांतली निम्मी कामाची जागा बघायला गेल्यावर पकडली.

जे दिसेल ते तारीखवार लिहून ठेव. मूळ कागद घरी नेऊ नकोस, तो आरोप उलटा तुझ्यावरच येईल. टॅलीचा तुझा पासवर्ड कुणालाही देऊ नकोस, फादरांनाही नाही. मग समितीतल्या एका समजूतदार माणसाला, शक्यतो ईमेलनं, फक्त प्रश्न विचार: "या बिलांना कोटेशन घेतलं होतं का?" आरोप नाही, निष्कर्ष नाही.

कनेक्टिकट राज्यातल्या डॅरिएनमध्ये २००६ साली तुझ्यासारख्याच, चर्चच्या वह्या लिहिणाऱ्या बाईला आणि तिथल्या सहायक धर्मगुरूंना संशय आला. त्यांनी पदरचा खासगी गुप्तहेर लावला. १३ लाख डॉलर चैनीत गेले होते. प्रमुख धर्मगुरूंना ३७ महिन्यांची कैद झाली. गुप्तहेर लावायचा सल्ला मी तुला देत नाही. नोकरीला धोका नाही असंही म्हणणार नाही, कारण असतो. म्हणून एकटी पुढे होऊ नकोस, समितीला पुढे कर. सही त्यांची असते.

*

चर्चच्या उखाळ्यापाखाळ्या छापून तुम्ही काय मिळवता? आधीच ख्रिस्ती समाजावर टपून बसलेले थोडे आहेत का? त्यांच्या हातात आयतं कोलीत कशाला?
– एक जुने वर्गणीदार, पालघर

काळजी खोटी नाही. बाहेरून कायद्याचा बडगा आला की काय होतं, ते दोनदा दिसलं. डॅरिएनच्या प्रकरणानंतर, २००९ मध्ये, कनेक्टिकटच्या विधिमंडळात धर्मग्रामाचा पैसा निवडून आलेल्या सामान्य भाविकांच्या मंडळाकडे देणारं विधेयक आलं. हजारो कॅथलिक राजधानीत रस्त्यावर उतरले आणि विधेयक बारगळलं. केरळात २०१९ मध्ये चर्चच्या मालमत्तेच्या हिशेबासाठी विधेयकाचा मसुदा आला, तिथंही विरोध झाला आणि सरकारनं हात आखडता घेतला. दोन्ही ठिकाणी लोक एकवटले ते सरकारच्या विरोधात. मोजणीच्या खोलीत कोण बसतं, हा प्रश्न दोन्हीकडे मागे पडला.

पण बाहेरच्यांना निमित्त मिळतं कशामुळे? अमेरिकेतल्या व्हिलानोव्हा या कॅथलिक विद्यापीठाच्याच दोन प्राध्यापकांनी धर्मप्रांतांना प्रश्नावली पाठवली. ७८ धर्मप्रांतांनी उत्तरं दिली. त्यांपैकी ८५ टक्क्यांनी कबूल केलं, की मागच्या पाच वर्षांत आपल्याकडे अपहार सापडला. सापडला, बरं का. न सापडलेल्याचा आकडा कुणाला ठाऊक असणार? हे निष्कर्ष २००७ च्या सुरुवातीला जाहीर झाले. छापले कॅथलिकांनीच, आणि चर्च काही बुडालं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनच्या न्यायालयानं आर्थिक गैरव्यवहाराच्या खटल्यात कार्डिनल (पोपच्या खालोखालचं मानाचं पद) बेच्चू यांना साडेपाच वर्षांची शिक्षा सुनावली. त्यांनी अपील केलं, ते वेगळं. पण कार्डिनलवर खटला खुद्द पोपमहोदयांच्या राज्यात चालतो आणि आपण रविवारच्या कलेक्शनचा आकडा फळ्यावर लिहायला बिचकतो, हे मला पटत नाही. तुमची वर्गणी चालू ठेवा, रागावूनसुद्धा वाचलंत तरी चालेल.

*

ताई, मी मूळची वसईची, आता टोरांटोत असते. गावच्या चर्चच्या सणासाठी दरवर्षी भावाच्या यूपीआयवर पैसे पाठवते, तो कमिटीला देतो. यंदा चर्चच्या हॉलसाठी मोठी रक्कम द्यायची आहे. असंच पाठवलं तर चालेल ना?
– टोरांटोहून एक वाचक

तुमचा पासपोर्ट कुठला? उत्तर त्यावर आहे.

अजून भारतीय पासपोर्ट असेल, तर तुम्ही तुमच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेलं दान परदेशी देणगी धरलं जात नाही. थेट न्यासाच्या खात्यात पाठवा आणि पावती घ्या. पण कॅनडाचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) कार्ड असलं तरी कायद्याच्या दृष्टीनं तुम्ही परदेशी स्रोत. मग विदेशी अंशदान कायदा, म्हणजे एफसीआरए, लागू होतो. चर्चच्या न्यासाकडे त्याची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी आणि रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या त्यांच्या खात्यातच यायला हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका नोंदणीकृत संस्थेनं घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देताही येत नाही, त्यामुळे "अमुक संस्थेमार्फत पाठवा" हा जुना सल्ला आता बाद.

"भावाला भेट म्हणून पाठव, तो चर्चला देईल," असं सांगणारे भेटतील. नात्यातली भेट नातेवाइकासाठी असते, चर्चचा हॉल बांधायला नव्हे. उद्या चौकशी झाली तर भाऊ आणि न्यास दोघेही अडकतील, तुम्ही मात्र टोरांटोत.

हॉलसाठी देताना पत्रात "फक्त हॉलच्या बांधकामासाठी" असं लिहा. काम किती टप्प्यांत, आर्किटेक्टचं अंदाजपत्रक किती, आतापर्यंत किती जमले, हे मागवून घ्या आणि रक्कम एकदम न देता टप्प्याटप्प्यानं द्या. आणि आतापर्यंत भावाच्या हातून सणाला जे गेले त्यांच्या पावत्या आजच मागा. सणाची कमिटी दरवर्षी बदलते, आणि जुनं पावतीपुस्तक कुणाच्या कपाटात राहिलं हे नंतर कुणालाच आठवत नाही.